ऑन्टारियोतल्या टोरी नेत्यांची निवडणुकीची धास्ती

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला तिथे सगळे पीसी नाहीतर टोरी म्हणतात, आणि या पक्षात गेली चाळीस वर्षं एक प्रश्न फिरून फिरून येतो: हा नेता आपल्याला निवडून आणेल का? धास्ती कधी नेत्याच्या चेहऱ्याची असते, कधी त्याच्या तोंडून निघालेल्या एखाद्या आश्वासनाची. इतिहास बघितला तर पक्षाला जास्त महागात पडलीत ती आश्वासनंच.

१९४३ ते १९८५, सलग ४२ वर्षं इथे टोरींचंच सरकार होतं, त्यांच्या निवडणूक यंत्रणेला 'बिग ब्लू मशीन' म्हणायचे. हरायची सवयच नव्हती. जून १९८४ मध्ये प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) बिल डेव्हिस यांनी अचानक जाहीर केलं की कॅथलिक शाळांना वरच्या इयत्तांपर्यंत पूर्ण सरकारी पैसा मिळणार, आणि पक्षाचा हक्काचा प्रोटेस्टंट, गावाकडचा मतदार दुखावला. नंतर डेव्हिस निवृत्त झाले आणि ते ओझं आलं फ्रँक मिलर यांच्या डोक्यावर. मिलर मस्कोका भागातले, चौकड्यांचे कोट घालणारे, गावात लोकांना आपले वाटायचे पण टोरंटोत जुनाट दिसायचे. मे १९८५ च्या निवडणुकीत १२५ पैकी ५२ जागा आल्या, लिबरल पक्षाला ४८ आणि एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, तिथला डावा पक्ष) २५, मग त्या दोघांनी करार केला आणि जूनमध्ये सभागृहात सरकार पाडलं. १९८७ ला तर पक्ष १६ जागांवर आला आणि नेते लॅरी ग्रॉसमन स्वतःची जागा पण घालवून बसले. धास्ती खरी सुरू झाली ती इथून.

१९९५ मध्ये माइक हॅरिस यांनी टॅक्स कपात आणि खर्चाला कात्री असा सरळ कार्यक्रम घेऊन १३० पैकी ८२ जागा आणल्या, म्हणजे कडक भूमिका घेतली की हरतोच असं नाही.

पण २००७ चं उदाहरण कुठल्याही पक्षाने नीट अभ्यासावं असं आहे. नेते होते जॉन टोरी (आडनावच टोरी). मवाळ माणूस, शहरी, लोकांना आवडणारा. त्यांनी म्हटलं की कॅथलिक शाळांना सरकार पैसा देतं तर ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि इतर धर्मांच्या शाळांना का नाही, आणि न्यायाच्या दृष्टीने बघितलं तर मुद्दा चुकीचा नव्हता असं मला मनापासून वाटतं, पण लोकांना वाटलं की सरकारी शाळांचा पैसा जाणार आणि पोरं धर्माप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत वाटली जाणार. बाकी सगळे विषय बाजूला पडले, निवडणूक त्या एकाच गोष्टीवर झाली. शेवटी शेवटी त्यांनी आमदारांना मोकळेपणाने मतदान करू देऊ असं म्हणून माघार घेतली, तोवर उशीर झाला होता. १०७ पैकी २६ जागा आल्या, आणि त्यांना स्वतःच्या मतदारसंघात हरवलं कॅथलीन विन यांनी, ज्या पुढे प्रीमियर झाल्या. १९८४ च्या शाळांच्या प्रश्नाने २३ वर्षांनी परत गाठलं.

टिम हुडॅक यांचं २०१४ मध्ये तेच झालं. दहा लाख नोकऱ्या आणू म्हणाले आणि त्याच वेळी सरकारी क्षेत्रातल्या १ लाख नोकऱ्या कमी करू असंही म्हणाले, लोकांनी फक्त दुसरं वाक्य ऐकलं. शिक्षक, नर्स, ऑफिसातले क्लार्क, ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी सरकारी पगारावर, मग घाबरणारच की. वर नोकऱ्यांच्या आकडेमोडीत चूक आहे हे अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. नेता निवडतात वर्गणी भरलेले मेंबर, त्याला निवडून देतो सामान्य मतदार, आणि या दोघांना वेगवेगळी गोष्ट आवडते. मेंबरला रोखठोक नेता हवा असतो, मतदाराला न घाबरवणारा.

२०१८ मध्ये हे अगदी जवळून दिसलं. पॅट्रिक ब्राऊन यांनी जानेवारीत आरोपांमुळे (ते त्यांनी नाकारले) नेतेपद सोडलं, निवडणूक जूनमध्ये. १० मार्चला मार्कहॅममध्ये निकाल ऐकायला कार्यकर्ते तासन्‌तास बसून राहिले, मतांच्या वाटपावरून वाद, शेवटी हॉलची वेळ संपली म्हणून लोकांना घरी पाठवलं आणि रात्री उशिरा डग फोर्ड यांचं नाव जाहीर झालं. क्रिस्टीन एलियट यांना एकूण मतं जास्त होती, पण मोजणी मतदारसंघागणिक पॉइंट्सवर होती, त्यात फोर्ड थोडक्यात पुढे गेले. हे फार भडक आहेत, मधला मतदार बिचकेल अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती. जूनमध्ये फोर्ड यांनी १२४ पैकी ७६ जागा आणल्या, मतं साधारण ४० टक्के. तीन-चार पक्षांत मतं फुटतात आणि ज्याला जास्त तो निवडून येतो, त्यामुळे एवढी पुरली. २०२२ ला ८३, फेब्रुवारी २०२५ ला ८०.

निकाल फिरतो तो टोरंटोभोवतीच्या पट्ट्यात, ज्याला फोनच्या कोडवरून '९०५' म्हणतात: मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कहॅम. भारतातून आलेली कुटुंबं इथे भरपूर, त्यात आपली मराठी पण. २०२२ ला ब्रॅम्प्टनच्या पाचही जागा टोरींनी घेतल्या, त्यातल्या तीन २०१८ ला एनडीपीकडे गेल्या होत्या.