तलावाला पूर्ण फेरी नको

नदीकाठी पोहण्यासाठी, होड्यांसाठी, फिरण्यासाठी तलाव करायचं ठरलं की आराखड्यावर पहिली रेघ पाण्याच्या कडेची पडते आणि दुसरी तिला बिलगून जाणाऱ्या पायवाटेची. ही वाट तलावाभोवती फिरून जिथून निघाली तिथेच परत येते. अशी फेरी सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. तरी माझं मत असं झालंय की काठावरच्या जिवांचं सर्वांत जास्त नुकसान ही दुसरी रेघच करते, कारण ती काठाचा एक मीटरही निवांत ठेवत नाही.

काठावर एवढं असतं तरी काय? जपानच्या होक्काइडो बेटावर होरोनाई नावाचा एक लहान ओढा आहे. संशोधक शिगेरू नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिथे पाणी आणि काठचं रान यांच्यातल्या अन्नाच्या देवाणघेवाणीचा हिशेब मांडला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. रानातल्या पक्ष्यांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे पाव हिस्सा पाण्यातून बाहेर पडणाऱ्या कीटकांचा निघाला. ओढ्यातल्या माशांच्या बाबतीत उलट दिशेने ४४ टक्के हिस्सा जमिनीवरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांचा होता. वेळाही कशा जुळलेल्या! झाडं उघडीबोडकी असतात आणि रानात किडे दुर्मीळ, तेव्हा ओढा कीटक पुरवतो. उन्हाळ्यात पाण्यातलं खाणं कमी पडतं, तेव्हा झाडांवरून पडतं. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची नड भागवावी तसं हे चालतं. पाण्यावर झुकलेली झाडं तोडून तिथे फरसबंदी आणि हिरवळ केली, की ही देवघेव तिथल्या तिथे थांबते.

म्हणून पहिला प्रश्न तलाव कुठे करायचा हा आहे. नदीलाच आडवा बांध घातला तर वाळू आणि गाळ मागे अडतो. खाली सुटणारं पाणी गाळाविना असतं, पण त्याच्यातला जोर तसाच असतो. मग ते पुढच्या पात्रातली वाळू उचलतं, काठ खरवडतं. अशा पाण्याला नदीचे अभ्यासक ‘भुकेलं पाणी’ म्हणतात. वाळूच्या बेटांवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा अशीच वाहून जाते. नदी वाहती ठेवून तलाव तिच्या बाजूला खोदला तर यातलं बरंच टळतं.

आता कडेकडे पाहू. खंड्या पक्षी आपलं बीळ भिंतीसारख्या उभ्या मातीच्या काठात कोरतो. हातभर लांबीचा, आत किंचित चढत जाणारा बोगदा आणि शेवटी एक गोल खोली. काठ उभा असल्यामुळे साप किंवा मुंगूस सहज पोचत नाही, आणि बोगद्याला चढ असल्यामुळे आत पाणी साचत नाही. आपल्या डोळ्यांना हाच काठ ढासळलेला, ओबडधोबड दिसतो, आणि दगडी पिचिंगचं, म्हणजे काठावर दगड बसवण्याचं, काम बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. सर्वेक्षणात अशी दरड दिसली तर ती हात न लावता सोडावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

बाकीच्या कडेला मात्र उतार हवा, आणि तोही अगदी मंद, दहा-वीस पावलं चाललं तर पाणी कमरेपर्यंत यावं एवढा. अशा उथळ पाण्यात लव्हाळे आणि पाणकणीस उभी राहतात. त्यांच्या देठावर पहाटे चतुराची अळी चढून येते. पाण्याखालचं आयुष्य संपलेलं असतं. पाठीवरची कातडी उभी फाटते, ओला चतुर बाहेर येतो आणि पंख ताठ होईपर्यंत बराच वेळ नुसता लटकून राहतो. तेवढ्यात एखादी वेगवान मोटारबोट गेली, तर तिची लाट त्याला पाण्यात ओढते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे बोटीचा वेग हा या जिवांच्या दृष्टीने किरकोळ मुद्दा नाही.

टिबुकलीचं घरटं तर पाण्यावरच तरंगतं, लव्हाळ्यांना अडकवलेलं. घरट्यावरून उठताना ती ओल्या पाणवनस्पती चोचीने ओढून अंडी झाकते, मग पाण्यात शिरते. यासाठी तिला थोडी सवड लागते. होडी अचानक अंगावर आली तर ती अंडी उघडी टाकून पळते, आणि कावळ्यांना तेवढंच हवं असतं. बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची, एक माळ टाकून लव्हाळ्यांचा कोपरा विणीच्या काळात बंद ठेवला तर ही सवड मिळते. पाण्याची पातळीही त्या काळात एकदम वर-खाली करू नये.

वाहनतळाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मेफ्लाय नावाचे नाजूक कीटक पाणी ओळखतात ते त्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या, आडव्या दिशेने ध्रुवित झालेल्या, म्हणजे मुख्यतः आडवाच कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. गुळगुळीत काळं डांबरही तसाच प्रकाश परतवतं. हे कीटक कोरड्या डांबरी रस्त्यालाच पाणी समजून त्यावर अंडी घालतात, असं हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलं. रस्त्यावर पडलेली ती सगळी अंडी वाळून मरतात. मला हे वाचल्यापासून पाण्यालगतचं नवं डांबर बघवत नाही. वाहनतळ झाडांच्या पडद्याआड, फिक्या आणि खडबडीत पृष्ठभागाचा करणं अवघड नाही.

तर पुन्हा त्या पायवाटेकडे. काठभर सगळीकडे थोडं थोडं जपण्यापेक्षा एक अख्खी बाजू सोडून द्यावी, शक्यतो नदीकडची, जिथे जुनी झाडं आहेत. पोहणं, होड्या, दिवे, आवाज सगळं दुसऱ्या बाजूला. वाट घोड्याच्या नालेसारखी आखावी आणि तिच्या दोन्ही टोकांना बसायला बाक ठेवावेत. पाण्यात पडलेलं झाड तिथेच राहू द्यावं; माशांची पिल्लं त्याच्या फांद्यांत लपतात आणि वर बगळा उभा राहतो. पहिली दोन-तीन वर्षं ती बाजू बकाल दिसेल, साफसफाई करा म्हणून तक्रारीही येतील. तेव्हा गवत कापणाऱ्यांच्या हातात नकाशा द्यावा, आणि यंत्र कुठे थांबवायचं ती जागा खुंट्या ठोकून दाखवावी.