दाटीत केस काढणारा मका

वडोदऱ्याहून गोध्र्याच्या रस्त्याला लागले, की हालोलच्या पुढे खरिपात दोन्ही अंगांना मका दिसू लागतो. नीट पाहिले तर शेजारशेजारच्या शेतांतही पेरणी सारखी नसते. एकात ताटे वीतभर अंतरावर, दुसऱ्यात हातभर. यातले बरोबर कोणते, हे जमीन आणि पाणी ठरवतेच. पण त्याआधी बियाण्याने निम्मा निकाल लावलेला असतो. संकरित मक्याचा प्रत्येक वाण कुठल्या तरी दाटीत निवडलेला असतो. पैदासकाराने ज्या दाटीत तो पारखला, तिथेच तो बहुधा खुलतो.

आधी हिशेब. दोन ओळींत ६० सेंमी आणि दोन ताटांत २० सेंमी अंतर ठेवले, तर हेक्टरी ८३,३३३ ताटे बसतात. वीसचे पंचवीस केले की ६६,६६७, म्हणजे एकरी सुमारे २७ हजार. ७५ बाय २५ सेंमीला ५३,३३३. टोकणीत पाच सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले, की हेक्टरी साडेसोळा हजार ताटांचा फरक पडतो.

अमेरिकेत १९३०च्या दशकात हेक्टरी तीस हजारांच्या आसपास ताटे ठेवत, आज तिथे ऐंशी हजार ही नेहमीची गोष्ट आहे. डोनाल्ड डुविक या पैदासकाराने जुने आणि नवे संकर एकाच शेतात शेजारी लावून पाहिले. ताटे विरळ ठेवली तेव्हा नव्या वाणाचे एकेक ताट जुन्यापेक्षा फारसे सरस निघाले नाही. दाट लावल्यावर मात्र जुने कोसळले आणि नवे टिकले. इतक्या वर्षांच्या निवडीत एका ताटाची ताकद जेमतेम वाढली. वाढली ती गर्दी सोसण्याची कुवत.

उष्ण कटिबंधातला मका या बाबतीत मागे होता. उंच ताट, भरपूर पाने, भला मोठा तुरा आणि त्या मानाने लहान कणीस. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू सुधारणेच्या संस्थेने तुक्स्पेन्यो नावाच्या अशाच एका मक्यात फक्त बुटकेपणासाठी १५ आवर्तने निवड केली. उंची २८२ सेंमीवरून १७९ सेंमीवर आली. ताटाच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा ०.३० होता, तो ०.४५ झाला. दाटीही जास्त सोसू लागली, कारण खोड वाढवण्यात जाणारा माल कणसाकडे वळला.

भारतात समन्वित मका प्रकल्प १९५७ साली सुरू झाला आणि १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित, डेक्कन हे पहिले संकर आले. हे दुहेरी संकर, म्हणजे चार पालकांचे. त्यांची ताटे एकसारखी नसत, आणि दाटीत असमानता फार महागात पडते. चार दिवस उशिरा उगवलेले ताट शेजाऱ्यांच्या सावलीत सापडते ते कायमचेच. खत-पाणी खाते, कणीस देत नाही. ते तणच म्हणायचे. दोन पालकांचा एकेरी संकर एकसारखा वाढतो, म्हणून दाट पेरणीसाठी तोच लागतो.

आता ताटाच्या आत काय घडते ते पाहू. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि अतिलाल प्रकाश परत फेकते. शेजारी ताट आले, की हे प्रमाण बिघडते आणि सावली पडायच्या आधीच फायटोक्रोम हे रंगद्रव्य रोपाला गर्दीची खबर देते. पेरे लांबतात, खोड बारीक होते, जे काही अन्न आहे त्यावर शेंड्याचा तुरा आधी हात मारतो. कणीस मागे पडते. तुऱ्यातून पराग वेळेवर गळतो, पण केस, म्हणजे कणसाचे ते धागे ज्यांवर पराग पडून दाणा भरतो, बाहेर यायला उशीर करतात. एका ताटाचा पराग पाच-सहा दिवसांत संपतो. कणसाच्या बुडाकडचे केस आधी निघतात, टोकाकडचे शेवटी. म्हणून उशीर झाला की टोक बोडके राहते, आणि फारच झाला तर अख्खे ताट वांझ.

पराग आणि केस यांच्यामधले हे दिवस मोजणे हे पैदासकाराचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हत्यार आहे. फुलोऱ्यात रोज सकाळी प्लॉटमधून फिरायचे. निम्म्या ताटांतून पराग गळू लागला ती तारीख लिहायची, निम्म्या ताटांना केस दिसले ती तारीख लिहायची. फरक एक-दोन दिवसांचा असेल तर ठीक. दाटीत तो पाच-सहाच्या पुढे गेला, तर त्या वाणाचे विरळीतले उत्पादन कितीही डोळ्यांत भरो, त्याला दाट पेरणीच्या यादीतून काढावे. कोरडा ताण किंवा नत्राची कमतरता असली तरी हाच फरक वाढतो. त्यामुळे गर्दी सोसणारा मका बऱ्याचदा पावसाची उघडीपही थोडीफार सोसतो.

ही पारख संकर तयार झाल्यावर सुरू करणे म्हणजे उशीर. ती इनब्रेड ओळींपासून, म्हणजे स्वतःच्याच परागाने शुद्ध केलेल्या पालक वाणांपासून हवी. केस निघायच्या आधी कणसाला पिशवी, पराग गळायच्या आदल्या दिवशी तुऱ्याला पिशवी, दुसऱ्या दिवशी त्याच ताटाचा पराग त्याच्याच केसांवर. असे सहा-सात पिढ्या केले की ओळ शुद्ध होते. दुहेरी एकगुणित पद्धतीत हे काम दोन-तीन हंगामांत उरकते. खास नराचा पराग वापरतात, त्यातून काही टक्के दाणे एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले निघतात. दाण्याचा माथा जांभळा आणि कोंब पांढरा, ही त्यांची खूण. कोल्चिसिन हे विषारी रसायन देऊन त्यांची गुणसूत्रे दुप्पट करतात. मार्ग कोणताही असो, ओळी दाट लावूनच निवडाव्यात. इनब्रेड मुळात नाजूक असतात, गर्दीत निम्म्या वांझ निघतात, आणि नको असलेल्या ओळी फुकटात गळतात.

त्यानंतर या ओळींचा दुसऱ्या गटातल्या परीक्षक ओळीशी, म्हणजे पारखण्यासाठी ठेवलेल्या ठरावीक ओळीशी, संकर करून दाट्यांची चाचणी घ्यायची. चुका होतात त्या इथे. सगळ्या दाट्या सरमिसळ मांडल्या तर ८० हजारांचा प्लॉट शेजारच्या ५० हजारांच्या प्लॉटवर सावली धरतो. म्हणून एका दाटीचे प्लॉट एका पट्ट्यात ठेवतात आणि वाण त्या पट्ट्याच्या आत विखुरतात. प्लॉट चार ओळींचा, वजन मधल्या दोनच ओळींचे. प्रत्येक ठिकाणी दोन दाणे टोकून तीन-चार पानांवर विरळणी. ती लांबली तर ताटे बारीक होऊन बसतात आणि मग तुम्ही विरळणीचा उशीर मोजत राहता. चाचणीत नांग्या भरू नयेत, मागून लावलेले ताट कणीस देत नाही. नत्राचेही आधीच ठरवावे: हेक्टरी मात्रा तीच ठेवली तर दाट प्लॉटमधल्या ताटाच्या वाट्याला कमी येते, आणि मग दाटीबरोबर भूकही मोजली जाते. काढणीला दर शंभर ताटांमागे किती कणसे, किती ताटे लोळली, हे मोजून दाण्याचे वजन १५ टक्के ओलाव्यावर आणायचे.

आकडे हाती आले की पीकशास्त्रज्ञ डंकन यांचा १९५८ चा हिशेब अजूनही कामाला येतो: दाटी वाढेल तसे एका ताटाचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटत जाते. उदाहरणादाखल दोन वाण धरू. ‘अ’चे ताट ४० हजारांच्या दाटीत १५० ग्रॅम दाणा देते आणि ८० हजारांत ९० ग्रॅम. ‘ब’चे अनुक्रमे १७० आणि ७५. दोन दाट्यांमधल्या फरकाला दोन वजनांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमने भागले, की उत्तम दाटी मिळते. ‘अ’साठी ती सुमारे ७८ हजार येते, ‘ब’साठी ४९ हजार. आपापल्या उत्तम दाटीत ‘अ’ हेक्टरी ७.२ टन देतो आणि ‘ब’ ६.९, फरक किरकोळ. पण ‘ब’ ८० हजारांत लावला तर ६ टनांवर येतो, आणि ‘अ’ ४० हजारांत लावला तर तोही ६ वरच. वाण निवडताना जेवढे मिळते, त्याहून जास्त दाटी चुकवून घालवता येते. दोन बिंदूंवर मात्र विसंबू नये. ताटे लोळली की हा हिशेबच मोडतो, म्हणून ५०, ६५ आणि ८० हजार अशा तीन दाट्या तरी हव्यात.

मग विरळ आणि दाट पेरणीसाठी दोन वेगळे पैदास कार्यक्रम चालवावेत का? माझ्या मते नाही. बहुतेक संकरांचा क्रम दाटी बदलली तरी फारसा हलत नाही. हलतात ते थोडे, पण त्यांत वरच्या दहातले दोन-तीन असतात. ओळी गर्दीत निवडाव्यात आणि शेवटची चाचणी तिन्ही दाट्यांवर घ्यावी, एवढ्यावर भागते.

दाहोद-पंचमहालच्या डोंगराळ, उथळ जमिनीवर मात्र चित्र वेगळे आहे. तिथे खाण्यासाठी पांढरा मका हवा असतो. नांगरामागे बी पडते, मध्ये तूर किंवा उडीद असतो, पावसात खंड पडतो आणि हेक्टरी ४० हजार ताटे राहिली तरी पुष्कळ. अशा ठिकाणी कणसाचा आकार न बदलणारा ‘दाट’ संकर रिकाम्या जागेचा काहीच फायदा घेत नाही. मोकळीक मिळताच कणीस लांबवणारा किंवा दुसरे कणीस धरणारा वाण हवा. गोध्र्याला आणंद कृषी विद्यापीठाचे मका संशोधन केंद्र याच पट्ट्यात आहे, ही सोयीची गोष्ट. तिथल्या कोरडवाहू शेतावरचा निकाल पंजाबच्या सिंचित शेतावरच्या निकालापेक्षा दाहोदच्या शेतकऱ्याला जास्त सांगतो.

मध्य गुजरातच्या बागायती रब्बी मक्याला उलट न्याय. आकाश निरभ्र, रात्री थंड, पीक जास्त दिवस उभे, दाटी पेलते. खरिपात ढगांमुळे प्रकाशच तोकडा, त्यात गर्दी केली की पानांवर खालून वर चढणारा पट्टेदार करपा एका ताटाच्या पानावरून दुसऱ्यावर जातो. उभट पानांचे वाण प्रकाशाची अडचण थोडी सोडवतात. २०१९ मध्ये मक्याच्या जंगली पूर्वजात, टिओसिंटेत, पाने उभी करणारा एक जनुकभेद सापडला. माणसाळवताना तो मागेच राहून गेला होता. पण विरळ शेतात उभट पाने म्हणजे तणाला मोकळे ऊन, हेही लक्षात ठेवलेले बरे.

आपल्या शेतातली खरी दाटी मोजणे सोपे आहे. ओळींत ६० सेंमी अंतर असेल तर एका ओळीचे १६ मीटर ६७ सेंमी मापा, ७५ असेल तर १३ मीटर ३३ सेंमी. त्यातली ताटे मोजून हजाराने गुणा. हेक्टरी संख्या मिळते. शेतात पाच ठिकाणी मोजा, बांधाकडची ओळ सोडून. काढणीआधी त्याच पट्ट्यांत कणीस नसलेली ताटेही मोजा. शंभरात पाच-सात वांझ निघाली आणि रोग-किडीचे कारण दिसत नसेल, तर त्या जमिनीवर तो वाण जास्त दाट झाला आहे. एकही वांझ नाही, कणसे टोकापर्यंत गच्च भरलेली आणि बऱ्याच ताटांना दोन-दोन, असे दिसले तर पुढच्या हंगामात दोन ताटांतले अंतर पाच सेंटिमीटरने कमी करून एका पट्ट्यात पाहायला हरकत नाही.