एक ते एकशे सत्तावीस

ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड, वाजवणारी मंडळी घरी रेकॉर्डिंगला बसली की एक तक्रार हमखास करतात: "एवढं झोडपतोय, तरी स्नेअर मरतुकडाच वाजतोय." मग ट्रॅकचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, वर सरकवला जातो आणि मरतुकडा स्नेअर मोठ्यानं वाजू लागतो.

कारण मिडीवरून, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या संदेशांच्या भाषेतून, आवाज जातच नाही. पॅडच्या रबराखाली पिझोची चकती असते. काठी आदळली की ती किंचित वाकते आणि व्होल्टेज तयार होतं. मॉड्यूल, म्हणजे पॅडचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, काही मिलिसेकंदांत त्याचं शिखर पकडून १ ते १२७ मधला एक आकडा पाठवतं. ही व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर. (शून्य वगळलाय, कारण १९८३ पासून चालत आलेल्या मिडीच्या नियमांत शून्य म्हणजे नोट बंद.) चांगली ड्रम सॉफ्टवेअर्स त्या आकड्यावरून कुठलं रेकॉर्डिंग वाजवायचं ते ठरवतात: ४० ला हलक्या हाताचं, ११० ला कडाडून मारलेलं. सोन्याचा मुलामा दिलेल्या मिडी केबलनं ठोका 'खुलतो' म्हणणाऱ्यांनी सांगावं, ९० हा आकडा खुलतो म्हणजे नेमका कसा दिसतो?

आकडाच बदलायचा तर व्हेलॉसिटी कर्व्ह हवा, म्हणजे आलेल्या आकड्याच्या जागी कुठला आकडा पुढे पाठवायचा त्याचा नियम. एक साधा कर्व्ह असा: आकड्याला १२७ नं भागा, वर्गमूळ काढा, पुन्हा १२७ नं गुणा. ३२ चे ६४ होतात, ६४ चे ९०, आणि १२७ तिथंच राहतो. हात जड असेल तर वर्गमूळाऐवजी वर्ग करा. ६४ चे ३२ होतील.

पण सगळे आकडे पूर्णांक, आणि मला खरी मजा इथंच वाटते. वर्गमूळाच्या कर्व्हमध्ये १ चे ११ होतात, २ चे १६, ३ चे २०. मधले आकडे कधी उमटतच नाहीत, त्यामुळे घोस्ट नोट्स, म्हणजे अगदी हलके ठोके, पायऱ्या चढल्यासारख्या येतात. वरच्या टोकाला उलटी गत: ११९ आणि १२० दोन्ही १२३ च होतात. आणि मध्यम ठोक्यालाच पॅड १२७ पाठवत असेल, तर पुसला गेलेला फरक कुठलाही कर्व्ह परत आणू शकत नाही.

म्हणून आधी मॉड्यूलमधली सेन्सिटिव्हिटी लावा. हळूपासून जोरापर्यंत ठोके रेकॉर्ड करून व्हेलॉसिटीच्या उभ्या पट्ट्या बघा, आणि मगच कर्व्हला हात घाला. थ्रेशोल्डही, म्हणजे ज्याच्या खालचे ठोके मॉड्यूल सोडून देतं ती मर्यादाही, तपासा: शेजारच्या पॅडच्या हादऱ्यानं आलेला, एरवी ऐकूही न येणारा ३ त्या कर्व्हमधून २० होऊन बाहेर पडतो.