ॲक्सोलॉटलचे कल्ले : झुपका, आकडे आणि एक जुना गैरसमज

ॲक्सोलॉटल हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कल्ले आयुष्यभर बाळगणारा, पाण्यात राहणारा सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर). 1864 मध्ये मेक्सिकोहून असे 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले 6 एका संग्रहालयाच्या वाट्याला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी अंडी घातली आणि पिल्लांपैकी काहींचे कल्ले आक्रसून ती जमिनीवर राहणारी सॅलमँडर झाली. त्यानंतर बरीच वर्षं कल्ले हे शास्त्रज्ञांसाठी एक कोडं होते. ते कापून पाहिले, पाणी थोडंथोडं कमी करून पाहिलं. थायरॉइड ग्रंथी खाऊ घातल्यावर हे रूपांतर होतं, हे 1913 मध्ये दिसलं. कल्ल्यांकडे बघून जनावराची तब्येत ओळखायची, हा प्रश्न त्या प्रयोगांचा नव्हताच.

तो आला घरगुती टँकमुळे. टँक ‘सायकल’ होणं म्हणजे जनावराच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं. त्यामागचं ज्ञान किती उशिरा पक्कं झालं, हे लक्षात ठेवावं. नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू म्हणून शंभरेक वर्षं नायट्रोबॅक्टरकडे बोट दाखवलं जायचं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात, हे 1998 मध्ये पुढे आलं. अमोनिया ते नायट्रेट हा सगळा प्रवास एकटाच करणारा जिवाणू सापडायला 2015 उजाडलं.

पाणी तपासायच्या किटवरचा ‘अमोनिया’ हा शब्दही फसवा आहे. बहुतेक थेंबांची किट एकूण अमोनिया दाखवतात, म्हणजे विषारी अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम एकत्र. पीएच 7 वरून 8 झाला की विषारी वाटा जवळपास दहापट होतो आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. त्यामुळे परीक्षानळीत आलेल्या हिरव्या छटेचा अर्थ पीएच आणि तापमान बघितल्याशिवाय लागत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक संयुग) काढणारं कंडिशनर टाकलं असेल, तर बांधला गेलेला अमोनियाही किटवर दिसू शकतो. मात्र या सबबीवर वॉटर चेंज टाळू नये. आकडा शून्यावरच हवा.

खरा वाद आहे झुपक्याचा, म्हणजे कल्ल्यांच्या दांड्यांवरच्या बारीक तंतूंचा. मोठे, पिसारलेले कल्ले म्हणजे निरोगी ॲक्सोलॉटल, हे समीकरण फोटोंमुळे रुजलं. 2021 मध्ये एका लोकप्रिय व्हिडिओ गेममध्ये हा प्राणी आला आणि तसले फोटो सगळीकडे दिसू लागले. शरीरशास्त्र मात्र वेगळंच सांगतं. पाण्यात प्राणवायू कमी असेल तर सॅलमँडरच्या अळ्यांचे कल्ले वाढतात आणि भरपूर असेल तर लहान राहतात, हे विसाव्या शतकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजे भरघोस झुपका असलेलं जनावर कमी प्राणवायूच्या पाण्याशी जुळवून घेत असेल, तर थंड, खेळत्या पाण्यातलं आखूड तंतूंचं जनावर ठणठणीत असू शकतं. आनुवंशिकतेचा वाटा वेगळाच. आखूड तंतू दिसले की मालकाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे : अमोनियाने भाजलेले तंतूही आखूडच होतात. एकच फोटो दोन्ही गोष्टी सांगतो, म्हणून एका फोटोवरून निदान करू नये.

रंगाचंही तसंच. जनावर हललं, खाल्लं की रक्त कल्ल्यांत येतं आणि ते लालबुंद होतात. निवांत पडलं की फिके. तासाभराने पुन्हा बघावं. दांडे सतत पुढे वळलेले दिसले, तर आधी फिल्टरचा प्रवाह तपासावा आणि मग किट उघडावं. तंतूंवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर ती बहुधा बुरशी असते आणि तिच्यामागे बऱ्याचदा गरम किंवा घाण पाणी असतं. नायट्राइट चढला तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. अशा वेळी कल्ले मोठे असले तरी जनावराला धाप लागू शकते.

ॲक्सोलॉटलचं मूळ घर असलेल्या सोचिमिल्कोचं (मेक्सिको सिटीजवळचा तळ्या-कालव्यांचा भाग) पाणी थंड असतं. टँकमध्येही 16 ते 18 अंश सेल्सिअस ठेवावं, 24 च्या वर गेलं की ताण सुरू होतो. एका फोटोवर विसंबायचं नाही, म्हणून अनुभवी पाळणारे दर आठवड्याला एकाच बाजूने, एकाच उजेडात कल्ल्यांचा फोटो काढतात आणि त्याखाली त्या दिवशीचे तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट लिहितात. तंतू गेल्या महिन्यापेक्षा आखूड झाले आणि त्याच महिन्यात अमोनिया दोनदा शून्याच्या वर गेला असेल, तर कारण वहीतच सापडतं.