ग्रॅव्हिटी कमी आली? साखर घालण्याआधी हे वाचा

आमचं किट घेऊन घरी बिअर करायला नुकतीच सुरुवात केलेल्यांचे फोन बहुतेक एकाच तक्रारीचे असतात: "किटवर 1.047 लिहिलंय, माझं हायड्रोमीटर 1.032 दाखवतंय. माल्ट कमी भरलाय का?"

हे आकडे ग्रॅव्हिटीचे, म्हणजे पाण्याच्या (1.000) तुलनेत द्रव किती जड आहे याचे; विरघळलेली साखर जास्त, तर आकडा मोठा. हायड्रोमीटर हे तो मोजणारं तरंगतं उपकरण. पण माल्ट कमी नसतो. प्रत्येक पिशवी आम्ही वजन करूनच सील करतो. शिवाय हिशेब तुम्हालाही करता येईल. 1 किलो सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; त्यातून उतरवलेल्या साखरेची ही पूड) घालून 10 लिटर वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचं गोड पाणी, केलं की ग्रॅव्हिटी सुमारे 1.037 येते. अडीच किलोची पिशवी पूर्ण विरघळली आणि वर्ट 20 लिटर भरलं, की आकडा 1.047च्या आसपासच असणार. धान्य भिजवून बिअर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या माल्टमधली साखर कमी उतरू शकते. एक्स्ट्रॅक्टमध्ये ती आधीच उतरलेली असते.

मग चुकतं कुठे? बहुतेक वेळा ढवळण्यात. पातेल्यातलं घट्ट वर्ट फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतून वरून थंड पाणी घातलं, की जड वर्ट तळाशी बसतं आणि पाणी वर राहतं. वरून डावाने नमुना घेतलात तर आकडा कमी येतो, खालच्या नळातून घेतलात तर भलताच जास्त. बिअर तीच असते. निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून चांगलं पाच मिनिटं ढवळा, हात भरून येईपर्यंत. वर्ट थंड झालेलं असेल तर यीस्टला सुरुवातीला लागणारा ऑक्सिजनही त्यातूनच मिळतो.

दुसरं कारण म्हणजे गरम नमुना. आमच्या किटमधलं हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला बरोबर दाखवतं. 40 अंशांना ते सुमारे 6 अंकांनी (म्हणजे 0.006ने) कमी दाखवतं, 60 अंशांना सुमारे 15 अंकांनी. वरच्या तक्रारीतला 1.032 बघा: 60 अंशांच्या वर्टमध्ये 1.047 असाच दिसतो. नमुन्याची नळी गार पाण्यात उभी करा, हायड्रोमीटर गोल फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि मग वाचा. शंका असेल तर साध्या पाण्यात 20 अंशांना तपासा, 1.000 यायला हवं. वापरलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका.

हे इतकं लावून धरतो, कारण घाबरून घातलेली साखर परत काढता येत नाही. 20 लिटरमध्ये अर्धा किलो साखर पडली की अल्कोहोल एक टक्क्याहून जास्त वाढतं, बिअर पातळ लागते आणि हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा माल्टच्या हिशेबाने मोजलेला असतो, तो तोल जातो. अशा वेळी दुसरी पिशवी फुकट पाठवा म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. काहींना राग येतो. पण दुसऱ्या पिशवीने ती बिअर सुधारणार नसते.

बाकीच्या अडचणी लवकर सुटतात. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद ठेवा, नाहीतर तो तळाला करपतो. उकळीच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत पातेल्यापासून हलू नका, वर्ट उतू जातं ते तेव्हाच. एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) 20 अंशांच्या आसपास घाला; हाताला कोमट लागणारं वर्ट अजून गरमच असतं. दुसऱ्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची, आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी नळी) गप्प दिसला तर झाकण नीट बसलंय का बघा आणि यीस्ट घातल्यापासून तीन दिवस पूर्ण होईपर्यंत थांबा.

थर्मामीटर आणि नमुन्याची उंच नळी मूळ किटमध्ये येत नाही, वेगळी मागवावी लागते. पहिल्या किटबरोबर दोन्ही घ्या असं आम्ही सांगतो ते याच कारणासाठी. घरात चांगला थर्मामीटर असेल तर फक्त नळी घ्या.

तरीही आकडा जुळला नाही तर जरूर फोन करा. फोनवर आम्ही चार गोष्टी विचारू: वर्ट एकूण किती लिटर भरलं, नमुन्याचं तापमान, हायड्रोमीटरचा आकडा आणि नमुना वरून घेतला की नळातून. त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवा, आणि तोवर साखरेचा डबा उघडू नका.