‘लिंडा लिंडा’च्या आधी : रॉक जपानीत मावतो का, या वादाची पार्श्वभूमी

‘लिंडा लिंडा’ हे गाणं १ मे १९८७ ला आलं. बँड द ब्लू हार्ट्स, दोनच वर्षांपूर्वी टोकियोत जमलेला. गाण्याची सुरुवात गटारातल्या उंदरापासून होते. गायक म्हणतो, मला त्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, कारण त्याचं सौंदर्य फोटोत येत नाही. हे सगळं अगदी संथ, जपून गायलेलं. मग एकदम ड्रम कोसळतात, आणि पुढे ‘लिंडा लिंडा’ एवढंच ओरडायचं असतं. ही लिंडा कोण, ते गाण्यात कुठेच उलगडत नाही. बँडचं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं सिंगल वेगळंच, १९९० चं ‘जोनेत्सु नो बारा’. पण कराओकेत आणि शाळांच्या महोत्सवांत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात ते ‘लिंडा लिंडा’च.

या गाण्यातली जपानी सातवी-आठवीतल्या मुलालाही कळेल इतकी सरळ आहे. त्या काळातल्या हिट गाण्यांत सर्रास असायची तशी इंग्रजी झालर तिला नाही. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण त्याआधी सोळा-सतरा वर्षं मागे गेलं, तर चांगली जाणती माणसं ठामपणे सांगत होती की रॉक जपानीत गाता येत नाही.

बीटल्सच्या १९६६ च्या, टोकियोतल्या बुदोकान सभागृहातल्या पाच कार्यक्रमांबद्दल आणि त्यानंतर उगवलेल्या ‘ग्रुप साउंड्स’ बँडांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की ते बँड जपानीतच गायचे, पण त्यांची बरीच गाजलेली गाणी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी बेतून दिलेली होती. त्यामुळे १९७० च्या सुमारास स्वतःला ‘खरे’ रॉकवाले म्हणवणाऱ्यांच्या लेखी ती रॉकमध्ये धरायचीच नव्हती. ती फक्त गिटार लावलेली सिनेमा-रेडिओची गाणी.

वाद पेटला तो एका संगीत मासिकाच्या पानांवर, १९७०-७१ मध्ये. एका बाजूला होता वयाने आणि मानानेही थोरला एक गायक-निर्माता. त्याचं म्हणणं, जपानी शब्द रॉकच्या तालावर बसत नाहीत, आणि जगासमोर जायचं तर इंग्रजीला पर्याय नाही. तो नुसता बोलत नव्हता. त्याने उभा केलेला बँड इंग्रजीत गात कॅनडापर्यंत पोचला होता. दुसऱ्या बाजूला हॅपी एंड, विशीच्या आसपासची चार पोरं. त्यांची पहिली रेकॉर्ड ऑगस्ट १९७० मध्ये आली होती, सगळी जपानीत. मासिकाच्या वार्षिक निवडीत जपानीत गाणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळाले आणि थोरल्याचं बिनसलं. मे १९७१ च्या अंकात दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलेली चर्चा छापून आली. ‘जपानी भाषेतल्या रॉकचा वाद’ हे भारदस्त नाव त्या प्रकरणाला चिकटलं.

नावावरून वाटतं, एक पक्ष स्वभाषेचा झेंडा घेऊन उभा असेल. तसं नव्हतं. सगळ्यांनी जपानीतच गावं असा हॅपी एंडचा आग्रह नव्हता. आपल्याला जे म्हणायचंय ते आपल्या बोलीत म्हणून बघू, एवढाच त्यांचा खटाटोप होता. पुढच्या काळात या प्रकरणाची गोष्ट झाली, आणि गोष्टीला नायक-खलनायक लागतात. थोरल्या गायकाच्या वाट्याला नको इतकं हसं आलं, असं मला वाटतं. कारण त्याच्या तक्रारीत तथ्य होतं.

ते तथ्य मराठी वाचकाला दोन मिनिटांत कळेल, कारण आपण मात्रावृत्तं मोजत वाढलोय. जपानीही मात्रा मोजते. ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाच्या दोन. ‘न्’ एकटा आला तरी त्याची पूर्ण एक मात्रा, आणि दुहेरी व्यंजनाआधी अडखळतो ती थांबण्याचीही एक. म्हणून टोकियोचा उच्चार ‘तो-ओ-क्यो-ओ’, चार मात्रांचा. निप्पोन म्हणजे ‘नि-प्-पो-न्’, याही चार. शब्द बहुतेक स्वरावर संपतात आणि इंग्रजीसारखा एखाद्या अक्षरावर घणाघाती जोर येत नाही. आता खुद्द ‘रॉक’ हा शब्द घ्या. इंग्रजीत एक ठोका, खेळ खलास. जपानीत तो होतो ‘रो-क्-कु’, तीन मात्रा. इंग्रजी गायक एका सुरावर ‘लव्ह’ म्हणून मोकळा होतो. तेच जपानीत म्हणायचं तर ‘आ-इ-शि-ते-इ-रु’, सहा. अशा सारख्या मापाच्या मण्यांची माळ आठ ठोक्यांच्या तालावर टाकली की ती बडबडगीतासारखी टकटक वाजते, नाहीतर ओळ संपायच्या आत ताल संपतो.

हॅपी एंडने यावर काढलेला तोडगा नोव्हेंबर १९७१ च्या दुसऱ्या रेकॉर्डमध्ये नीट ऐकू येतो. शब्द वाटेल तिथे तोडायचा, एखादा स्वर पुढच्या ठोक्यापर्यंत ओढत न्यायचा, अर्थाचा विराम आणि तालाचा विराम एका जागी येऊ द्यायचे नाहीत. शिवाय त्यातल्या ‘काझे ओ आत्सुमेते’ या गाण्यात आकाशात झेप घ्यायची इच्छा ‘देसु’ लावून सांगितली आहे, म्हणजे परक्याशी बोलताना वापरतात त्या अदबशीर भाषेत. रॉकमध्ये कुणी अहो-जाहो करतं का? इथे केलंय, आणि ते कानाला गोड लागतं. गंमत अशी की जगासमोर जायला इंग्रजी हवी म्हणणाऱ्यांच्या तीसेक वर्षांनंतर, २००३ मध्ये, हेच गाणं जसंच्या तसं एका अमेरिकी चित्रपटात वाजलं.

बँड काही तोवर टिकला नाही. तिसरी रेकॉर्ड त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन केली आणि १९७३ मध्ये निरोपाचा कार्यक्रम उरकला.

वाद मिटवला तो लेख लिहिणाऱ्यांनी नव्हे, गाणाऱ्यांनी. १९७८ च्या जूनमध्ये साउदर्न ऑल स्टार्स या कॉलेजातून निघालेल्या बँडचं पहिलं सिंगल आलं. गायक जपानी शब्द इतके चावून, वळवून, इंग्रजीच्या थाटात गात होता की जपान्यांनाच ते कळेनात. टीव्हीवर गाताना शब्द पडद्यावर लिहून दाखवावे लागले, असं सांगतात. म्हणजे भाषा जपानी, तोंड मात्र इंग्रजी. ही युक्ती इतकी रुजली की ऐंशीच्या दशकात रॉक गायचा तर उच्चार बिघडवायचेच, असा रिवाज पडला.

ब्लू हार्ट्सने याच्या बरोबर उलटं केलं. ‘लिंडा लिंडा’ची पहिली ओळ मोजून बघा : दो-बु-ने-झु-मि, मि-ता-इ-नि, म्हणजे ‘गटारातल्या उंदरासारखं’. एक अक्षर, एक सूर. काही तोडलं नाही, काही ओढून लपवलं नाही. ज्या टकटकीला १९७१ मध्ये सगळे घाबरत होते, तीच त्यांनी मुद्दाम पुढे आणली. आणि ती बडबडगीतासारखी वाटते म्हणूनच हजार जणांना एका सुरात ओरडता येते. जपानी तोंडात ‘लिंडा’ची ‘रि-न्-दा’ होते, त्या तीन मात्रांत तर मधला ‘न्’सुद्धा हातोडीसारखा पडतो. (आपण लिहिताना ‘डा’ दीर्घ दिसतो, तिकडे तो ऱ्हस्वच.)

म्हणून प्रश्न कायमचा सुटला असंही नाही. नव्वदीत पंक (रॉकचाच वेगवान, रांगडा प्रकार) बँडांची एक अख्खी पिढी पुन्हा इंग्रजीकडे वळली. त्यातल्या हाय-स्टँडर्डने तर स्वतःचं रेकॉर्ड लेबल सुरू करून सगळं इंग्रजीत गायलं आणि तुफान लोकप्रियता मिळवली. मग लंबक परत फिरला. सप्टेंबर २००१ मध्ये ओकिनावा बेटावरच्या तीन तरुणांच्या मोंगोल८०० या बँडचा अल्बम एका छोट्या लेबलवर आला आणि वीस लाखांच्या पुढे खपला. त्यातलं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं ‘चिइसाना कोइ नो उता’ जपानीतच आहे. ते सिंगल म्हणून काढलेलंही नव्हतं.

याच सुमारास ‘सेइशुन पंक’ हा शब्द चालायला लागला. सेइशुन म्हणजे तारुण्य. लिहिताना दोन चिन्हं, ‘निळा-हिरवा’ आणि ‘वसंत’. हे लेबल मग मागे नेऊन ब्लू हार्ट्सलाही डकवलं गेलं, जणू त्यांनीच हा पंथ काढला. यात थोडी फसवणूक आहे. ‘लिंडा लिंडा’ आलं तेव्हा गायक आणि गिटारवाला दोघंही चोविशीच्या आसपास होते. ते शाळकरी नव्हते. शाळकरी आहे तो ऐकणारा. १९९५ मध्ये बँड मोडला, तरी दर वर्षी नवे सोळा वर्षांचे श्रोते मिळत राहिल्याने गाण्याचं वय वाढलं नाही.

आपल्याकडे जपानी रॉक पोचला तो मुख्यतः ॲनिमेच्या सुरुवातीच्या गाण्यांतून. ‘लिंडा लिंडा’ने मात्र परदेशचा रस्ता पकडला तो दुसऱ्याच एका चित्रपटाचा हात धरून. २००५ चा हा जपानी चित्रपट, नावात एक लिंडा जास्त. शाळेच्या महोत्सवाला तीन दिवस उरलेत, गिटारवालीच्या बोटांना इजा झालीय, गायिका सोडून गेलीय. उरलेल्या मुली ठरवतात, ब्लू हार्ट्सची गाणी करू. गाणार कोण? कोरियाहून आलेली एक विद्यार्थिनी, जिची जपानी जेमतेम आहे. ती कराओकेत एकटी बसून सराव करते. मात्रा सुट्या सुट्या असल्यामुळेच परक्या जिभेला ते गाणं पेलतं, हे त्या पोरीला गाताना ऐकलं की पटतं.

या चित्रपटावरून लॉस एंजेलिसमधल्या काही मुलींनी २०१८ मध्ये आपल्या बँडचं नाव ठेवलं, द लिंडा लिंडाज. मे २०२१ मध्ये त्यांचा एका सार्वजनिक वाचनालयातला कार्यक्रम इंटरनेटवर पसरला, तेव्हा ड्रम वाजवणारी दहा वर्षांची होती. गाणं त्यांचं स्वतःचं, इंग्रजीत. जपानी लिपीत या बँडचं नाव लिहिताना शेवटच्या अनेकवचनी ‘ज’चा ‘झु’ करावा लागतो, आणखी एक मात्रा.