लष्करी ट्रकाचा कॅम्पर: इन्सुलेशन वेगळं, व्हेपर बॅरियर वेगळा

अमेरिकन लष्कराचे एम १०७८ ट्रक आणि त्याचे भाऊबंद लिलावात निघतात, हौशी मंडळी ते उचलतात, मागे राहण्यासाठी धातूचा डबा चढवतात आणि अलास्काचा नकाशा उघडतात. ट्रकाबद्दल मी काही सांगणार नाही. मूळ ऑस्ट्रियाच्या स्टायरचं डिझाइन, ६.६ लिटरचं कॅटरपिलर इंजिन, बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करायची सोय, हे तुम्हाला पाठच असेल. इन्सुलेशनही ठाऊक असेल: उष्णता अडवायची, थर जितका जाड तितकं बरं. एक्सपीएस की पीआयआर (दोन्ही फोमचे कडक तक्ते) यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण डब्याचं नशीब त्यावर ठरत नाही. (मी एक्सपीएस घेईन. तो ओलीला दाद देत नाही.)

घोळ पुढे आहे. ‘एवढं इन्सुलेशन केलं, तरी भिंतीत पाणी कसं?’ आणि लगेच गडी फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी घेऊन छपरावर!

आपल्याकडचा माणूस यात हमखास फसतो, कारण ओलीबद्दलची आपली सगळी अक्कल पावसाळ्यातली. ओल गच्चीतून येते, भिंतीच्या भेगेतून येते, म्हणून बाहेरून डांबर लावा, ताडपत्री टाका. पण कडाक्याच्या थंडीत बाहेरची हवा जवळजवळ कोरडीठाक असते. पाणी आत असतं आणि ते आपणच करतो: श्वास, चहा, भाताची वाफ, वाळत घातलेले मोजे. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. आतली हवा फटीतून भिंतीत शिरून बाहेरच्या पत्र्याला टेकली, की तिच्यातली बहुतेक वाफ तिथेच उतरणार. मे महिन्यात गार पाण्याच्या ग्लासला घाम फुटतो, तसाच.

आता खरी मेख. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचं लोकरीसारखं इन्सुलेशन, उष्णता अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. उलट इन्सुलेशन जितकं चांगलं, तितका बाहेरचा पत्रा जास्त गार, म्हणजे तिथवर पोचलेल्या वाफेचं पाणी हमखास होणार. व्हेपर बॅरियरचं नेमकं उलटं. पॉलिथिनचा पातळ कागद, उष्णता अडवण्यात शून्य, पण वाफेला वाट देत नाही. तो लावायचा उबदार बाजूला, म्हणजे इन्सुलेशनच्या आतून, आणि प्रत्येक सांधा, वायरीचं प्रत्येक भोक टेपने बंद करून. नाशिकच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हाच थर बाहेरून असतो, कारण तिथे उबदार बाजू बाहेरची. नियम एकच, जागा उलटी. म्हणून तिथला अनुभवी कारागीर अलास्काच्या डब्याबद्दल छातीठोक सल्ला देऊ लागला, तर आधी त्याला उबदार बाजू कुठली ते विचारा.

‘भिंतीला श्वास घेऊ द्या’ म्हणणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार. लाकडी घरात ते चालतं. इथे बाहेरचा पत्राच वाफ अडवतो, आत शिरलेल्या पाण्याला निघायला वाटच नसते. चकचकीत बुडबुड्यांचा कागद एकटाच दोन्ही कामं करतो असं सांगणारा दुकानदारही त्याच पंगतीतला.

सगळं नीट केलं तरी स्क्रू राहतात. आतल्या तक्त्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत आरपार गेलेला स्क्रू थंडी सरळ आत आणतो. सकाळी छताकडे बघा, स्क्रूंच्या डोक्यांवर ओळीने पांढरे दाणे जमलेले असतात. हीटर चालू झाला की ते वितळून अंथरुणावर टपटपतात आणि छत गळतंय अशी बोंब उठते. म्हणून आतला सांगाडा लाकडाचा करावा आणि तो बाहेरच्या पत्र्याला स्क्रूने न ठोकता चिकटवावा.

गळती की दव, हे ओळखणं सोपं आहे. पाऊस पडताना, बर्फ वितळताना ओलं झालं तर गळती. आठवडाभर निरभ्र आणि उणे पंचवीस असूनही ओलं झालं तर दव. तेव्हा सिलिकॉनला हात लावू नका, छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवा. आणि गॅसची उघडी शेगडी ऊब मिळावी म्हणून पेटवू नका. विषारी वायूचा धोका आहेच, शिवाय १ किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवा, त्याचं पाणी धुराबरोबर बाहेर जातं.